जोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं

“जोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं. मधे रेंगाळायचं नाही, कुणाचं ऐकायचं नाही, आणि आपलं तर काहीच सांगायचं नाही. बोर्डावर बसलेल्या बाईला ‘मी’ नसतो. समजलं?”

थोरल्या बाईंनी हे बजावलं तेव्हा ती नुकती कामाला लागली होती. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर जिन्याखाली एक चिंचोळी खोली, खोलीला खिडकी नाही, भिंतीला टेकून टेलिफोनचा बोर्ड आणि त्यापुढे एक खुर्ची. पुढे थोरल्या बाई निवृत्त झाल्या, देवाघरीही गेल्या; बोर्ड दोनदा बदलला; पण ते वाक्य तिच्या कानात बसलं ते बसलंच. सगळं हॉस्पिटल तिला बोर्डताई म्हणे. वॉर्ड, ऑपरेशन थिएटर, औषधांचं दुकान, रक्तपेढी, कुणाला कुणाशीही बोलायचं असो, वाट ताईच्या कानावरूनच जायची. ओळखी म्हणाल तर ढिगाने. फक्त त्यातल्या बहुतेकांनी तिचा चेहरा कधी पाहिला नव्हता.

आणि मग यंत्र आलं.

ते सांगायला प्रशासनाचे साहेब स्वतः जिना उतरून खाली आले. एवढ्या वर्षांत ते कधी खाली आले नव्हते. त्यांना दारात बघून ताईनं हेडफोन काढून ठेवला.

“ताई, काळ बदलतोय,” साहेब म्हणाले. “महिनाअखेरीला बोर्ड बंद. फोन आपोआप जोडले जातील.”

“आणि आम्ही, साहेब?”

“बघू ना. बघू काहीतरी.” ते वळले आणि दारातून पुन्हा मागे फिरले. “एक मात्र आहे हं, तुमचा आवाज फार गोड आहे. त्या यंत्रासाठी तेवढी चार वाक्यं बोलून द्याल? बाहेरून कुणाला बोलवायचं म्हणजे उगाच व्याप.”

नाही म्हणणं ताईला जन्मात जमलं नव्हतं. ती गेली, काचेच्या खोलीत बसली, समोरच्या डबीत चार वाक्यं बोलून आली. घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो हातातलं घड्याळ खाली ठेवून तिच्याकडे बघतच राहिला.

“लोक पायावर धोंडा पाडून घेतात,” तो म्हणाला. “तू गळ्यावर घेतलास.”

त्याचं घड्याळदुरुस्तीचं हातभर रुंद दुकान होतं. पण आता लोक वेळ फोनमध्येच बघतात. बिघडलेलं घड्याळ कोण दुरुस्त करून घेतो? घर चालायचं ते ताईच्या पगारावर. म्हातारे सासरे, त्यांची औषधं, घराचं भाडं, सगळं त्या जिन्याखालच्या खुर्चीला बांधलेलं. खुर्ची गेली की पुढे काय, हा विचार ती देवापुढे बसल्यावरसुद्धा डोक्यातून काढू शकत नव्हती, आणि मन लागत नाही म्हणून स्वतःवरच चिडत होती.

त्या खुर्चीला आणखी एक जण बांधलेली होती. दुपारपाळीची धाकटी. वयाने बरीच लहान, कॉम्प्युटर शिकलेली, घरी दोन शाळकरी मुलं आणि नवरा असून नसल्यासारखा. दोघींची खुर्ची एक, उशी एक, हेडफोन एक. गाठ पडायची ती पाळी बदलताना घटकाभर. धाकटी उशी दाबून चपटी करून ठेवायची, बोर्डावर बिस्किटांचा चुरा सांडायची, हेडफोनच्या बोलायच्या बोंडाला ओठांची लाली लावून ठेवायची. ताई दर आठवड्याला उशीचा अभ्रा घरी नेऊन धुऊन आणायची आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. तरी बातमी कळली त्या दिवशी दोघी एकमेकींचे हात धरून त्या कोंदट खोलीत उभ्या राहिल्या.

“ताई, आपलं कसं व्हायचं हो?”

“एक करू या,” ताईच म्हणाली. “जिच्या कानावर आधी काही येईल, तिनं दुसरीला सांगायचं. त्याच दिवशी. मग ज्याचं त्याचं नशीब.”

“वचन,” धाकटी म्हणाली.

“वचन.”

वचन द्यायला काय लागतं? जिभेला हाड नसतं.

*

“अगं, अख्खं हॉस्पिटल तुला ओळखतं,” नवरा म्हणाला. “एकाजवळ तरी तोंड उघड.”

म्हणून पहिल्यांदा ती मोठ्या सर्जनांकडे गेली. वेळी-अवेळी त्यांना घरून उठवणारी तीच. त्यांची बायको रागावलेली असली की “साहेब ऑपरेशनमध्ये आहेत” असं सांभाळून घेणारीही तीच. ती केबिनमध्ये शिरली तेव्हा त्यांनी मान वर न करता विचारलं, “पेशंटबरोबर कोण आलंय?”

“साहेब, मी बोर्डावरची...”

आवाज ऐकला आणि ते उठून उभे राहिले. “ताई! अहो, तुम्ही होय! मला वाटायचं तुम्ही चांगल्या उंच असाल.”

ताई कसनुसं हसली. आता सांगायचं होतं. घरून निघताना वाक्य घोळून घोळून आली होती. पण ‘मला’ हा शब्द ओठांशी आला की मागे कुणीतरी पदर ओढल्यासारखं व्हायचं.

“साहेब, ते बोर्ड बंद होतोय ना... तर आमच्यातल्या एका बाईंना काम हवं होतं.”

“कुठल्या बाईंना?”

“आहेत... आमच्यातल्याच.”

“बघतो ना. प्रशासनाच्या साहेबांना सांगतो,” सर्जन म्हणाले आणि फोन उचलून त्यांनी सवयीने म्हटलं, “ताई, जरा प्रशासनाला जोडून द्या.” मग दोघंही एकमेकांकडे बघत राहिली.

ती जिना उतरली ती स्वतःला बोल लावत. एवढं वय झालं, एक ‘मला’ म्हणता येईना!

मग नणंदेचे यजमान धावून आले. बोलावलं नव्हतं, पण कुठे काही अडलं की ते धावून येतातच.

“वहिनी, मला आधी नाही का सांगायचं? या शहरात असा एक माणूस दाखवा, ज्याला मी ओळखत नाही!”

“भाऊजी, असा एक दाखवा जो तुम्हाला ओळखतो,” ताईचा नवरा भिंग डोळ्याला लावूनच म्हणाला.

कोपऱ्यात बसलेल्या सासऱ्यांना ऐकू येत नसे. ते बराच वेळ भाऊजींचे हात बघत होते. शेवटी मोठ्याने म्हणाले, “ऐकू येत नाही मला, पण दिसतं. एवढे हात हलवणाऱ्याच्या हातून काम होत नसतं!”

“बाबा, हळू!” ताई ओरडली. दिवसभर हळू बोलायचं आणि घरी आल्यावर ओरडायचं, हा तिचा रोजचाच धर्म होता.

भाऊजींनी मनावर घेतलं नाही. एका हॉटेलच्या मॅनेजरकडे त्यांनी तिला पाठवलं. “माझं नाव सांगा. दार आपोआप उघडेल.”

दार खरोखरच आपोआप उघडलं. ते काचेचं होतं. मॅनेजर म्हणजे कोट घातलेला कोवळा पोरगा. “बसा ना, काकू,” तो म्हणाला, आणि त्या ‘काकू’वरच ताईला निकाल कळला.

“भाऊजींनी तुम्हाला सांगितलं असेल, हॉस्पिटलच्या फोनबोर्डाचं...”

“कोण भाऊजी?”

“ते... जरा जाडसर, कल्ले राखतात.”

“हां, ते होय! एका लग्नात भेटले होते. जेवताना शेजारी बसले होते.” तो हसला. “काकू, फोन आता यंत्रच घेतं. आम्हाला समोर बसायला कुणीतरी हवंय. म्हणजे... कळलं ना? आणि परवाच तुमच्या हॉस्पिटलातली एक येऊन गेली. बोर्डावरचीच. तिलाही कळवतो म्हणालोय.”

“बोर्डावरची? परवा?”

“हो. कॉम्प्युटर येतो म्हणाली.”

ताईचा चेहरा पडला. परवा पाळी बदलताना तिनं विचारलं होतं, काही कळलं का गं? आणि धाकटी हेडफोन कानाला लावत म्हणाली होती, “कुठलं काय, ताई! सगळीकडे नन्नाचा पाढा.”

मॅनेजरनं दारापर्यंत येऊन आणखी एक पत्ता दिला; त्याच्या मावशीचे यजमान प्रवासी कंपनीत होते. ताई उन्हातून तिथे गेली. तिथल्या बाकावर बसून बसून तिच्या पायाला मुंग्या आल्या. मावशीच्या यजमानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, “आमच्याकडे तर नाही. पण थांबा, एक गृहस्थ सांगतो. ओळखी दांडग्या! ते तुमचं काम चुटकीसरशी करतील. नंबर घ्या.”

त्यांनी नंबर सांगायला सुरुवात केली. अर्धा झाला आणि ताईनं हात वर केला. नंबर पाठ असणं हा तिचा धंदाच होता.

“हे गृहस्थ कल्ले राखतात का हो?”

“राखतात! तुम्ही ओळखता?”

“माझ्या नणंदेचे यजमान,” ताई म्हणाली आणि पिशवी उचलून बाहेर पडली. रस्त्यात तिला हसूही येईना आणि रडूही. जन्मभर फोन फिरवले. आज जो तो तिलाच फिरवत होता, आणि गावभर फिरून फोन तिच्याच घरी परत आला होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नेम म्हणून ती देवापुढे बसली, पण हात जोडून भांडलीच. “सगळ्यांना जोडून दिलं मी. माझ्या वेळेला सगळ्या लाइनी व्यस्त?” मग जीभ चावली, क्षमा मागितली आणि कामावर गेली.

सकाळच्या घाईत अँब्युलन्सवाले दादा फोनवर आले. शहराच्या अँब्युलन्स सेवेत फोनवर बसणारा हा माणूस रोज सकाळी रिकाम्या खाटा विचारायला यायचा. बोर्डावर त्याच्यासाठी एक वेगळं बटण होतं. त्याचा बाहेरचा नंबर ताईला माहीत नव्हता, तोंड माहीत नव्हतं, पण आज त्याला झोप लागली की नाही हे पहिल्या ‘हॅलो’वर कळायचं.

“बोर्डताई, खाटा आहेत का?”

“दोन आहेत, दादा. खोकला कमी वाटतोय आज.”

“गरम पाणी पितोय, तुम्ही सांगितल्यापासून. बरं ताई, ऐका. तुमच्या ओळखीत कुणी आहे का हो? आमच्यातली एक बाळंतपणाला गेली, ती आता येत नाही म्हणते. फोनवर बसायचंय. जागा एकच आहे. आमच्याकडे ते यंत्र चालत नाही. ज्याचा बाप जिन्यावरून पडलाय त्याला ‘एक दाबा, दोन दाबा’ सांगणार का?”

गावभर उंबरे झिजवले, आणि हा माणूस रोज सकाळी तिच्या कानाशी होता! तिनं याला कधी ओळखीत धरलंच नव्हतं. ही तर नुसती लाइन.

“आहे,” ती म्हणाली. “एक बाई आहे आमच्याकडे.”

“कशी आहे कामाला?”

“चांगली आहे.” तिचे कान तापले. “शांत आहे.”

“तुम्ही म्हणता म्हणजे झालं. उद्या पाठवून द्या. नाव तेवढं आज माझी पाळी संपायच्या आत कळवा, संध्याकाळपर्यंत. दारावर सांगून ठेवावं लागतं. खरं सांगू? तुमच्यासारखीच कुणी हवी होती. पण तुम्ही कशाला हॉस्पिटल सोडाल!”

अहो दादा, मीच ती. चार शब्द. पण बोर्डावर तीन दिवे एकदम लुकलुकले, आणि तिच्या तोंडून बाहेर पडलं ते रोजचंच, “वॉर्डाला जोडून देते, दादा.” बोटानं जोडून दिलं आणि ती बाजूला झाली.

मग सगळी सकाळ तिचं बोट त्या बटणापर्यंत जाई आणि परत येई. आपणच आपली शिफारस केली, आता आपणच ती बाई म्हणून कसं सांगायचं? ते हसतील. असं करता करता दुपार झाली आणि दारात धाकटी उभी राहिली.

“काही कळलं का, ताई?” तिनं पिशवी अडकवत विचारलं.

ताईच्या डोळ्यांपुढे हॉटेलचं काचेचं दार आलं.

“नाही गं,” ती म्हणाली. “नन्नाचा पाढा.”

उशीचा अभ्रा काढून तिनं पिशवीत घातला आणि मान खाली घालून बाहेर पडली.

*

“म्हणजे काम मिळालं की!” नवरा म्हणाला.

“मला नाही मिळालं. ‘एका बाईला’ मिळालं.”

“मग नाव कळव की तुझं. बसलीस काय?”

दादांचा नंबर तर नव्हता, आणि अँब्युलन्सचा तातडीचा नंबर असल्या कामासाठी अडवायचा नसतो. बोर्डावरचं बटण बोर्डावरच राहिलं. दादांपर्यंत पोचायचं तर हॉस्पिटलला फोन करून, तिथून जोडून मागायचं. तिनं फोन लावला. पलीकडे घंटा वाजली आणि एक गोड, संथ आवाज आला.

“नमस्कार. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.”

ताई दचकली. दुपारपासून यंत्राची चाचणी चालू झाली होती, हे ती विसरलीच होती.

“तपासणीसाठी एक दाबा. औषधांसाठी दोन दाबा. इतर चौकशीसाठी कृपया थांबा.” मग टुणटुण संगीत. अँब्युलन्ससाठी काय दाबायचं ते कुणी सांगितलं नाही. तसं वाक्य तिच्याकडून कुणी बोलूनच घेतलं नव्हतं. ती थांबली. टुणटुण. “आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया थांबा.” किती गोड! किती शहाणा! कुणाला दुखवत नाही, कुणाकडे काही मागत नाही, आणि कुणाला कुठे पोचवतही नाही. स्वतःच्या आवाजाचा इतका संताप तिला कधी आला नव्हता.

“कोण आहे गं फोनवर?” सासऱ्यांनी तिचा चेहरा बघून विचारलं.

“मी!” ताई ओरडली. “मी आहे, बाबा! मीच मला थांबवून ठेवलंय!”

नवऱ्याच्या हातातून चिमटा पडला. सासरे मान डोलावून म्हणाले, “मग सांग ना तिला, लवकर घरी ये म्हणून.”

ताई हसली. कितीतरी दिवसांनी पोटातून हसली, आणि तेवढ्यात संगीत तुटलं.

“हॅलो, बोर्ड.” धाकटी. आवाज दमलेला. “बोला, कोण हवंय? ओरडू नका, यंत्र नवीन आहे.”

“मी गं. ताई.”

“ताई? बाहेरून? अहो, काय सांगू, दुपारपासून नुसत्या शिव्या खातेय. लोक यंत्राला बोलत नाहीत, मलाच बोलतात.”

ताईला सांगता आलं असतं. ते ओठांशी आलं होतं. पण ती म्हणाली, “अँब्युलन्सच्या दादांना जोडून दे गं.”

“देते, ताई.” एवढंच. का म्हणून विचारलं नाही. खट्ट झालं, आणि ती बाजूला झाली. ताईच्या कानाला ते कळतं, कुणी मधे थांबलंय की गेलंय. धाकटी गेली होती. हजार खोड्या असतील पोरीत, पण तिनं कधी कान लावून ठेवला नाही.

“दादा, मी बोर्डताई,” ताई म्हणाली. “सकाळी ‘एक बाई आहे’ म्हणाले ना... ती बाई मीच. आमचा बोर्ड बंद होतोय. मला काम हवंय. मला.”

पलीकडून एक खोकला आला आणि खोकल्यातूनच हसू. “अहो ताई! हे सकाळी नाही का सांगायचं? या, या. साहेबांना सांगतो. ते उद्या चार प्रश्न विचारतील, बाकी माझ्यावर सोडा.”

“दादा, आणखी एक जण आली तर चालेल? आमच्या दुपारपाळीची. कामाला चोख आहे. कॉम्प्युटर येतो.”

“आता जागा एकच आहे, ताई. साहेब ज्याला घेतील त्याला घेतील. तुम्हीच तुमच्या वाटेत दुसरं माणूस आणून उभं करताय.”

“दोन नावं सांगून ठेवा दारावर,” ताई म्हणाली.

फोन ठेवला तेव्हा नवरा तिच्याकडे बघत होता. रागावला की तो आवाज चढवत नसे, भिंग पुसत बसे. तो भिंग पुसत होता.

“हॉटेलचं तिनं सांगितलं होतं तुला?”

“नाही.”

“मग?”

“शेजारणीनं उपास मोडला म्हणून आपण ताट वाढून घेतो का?”

“ती तरुण आहे. कॉम्प्युटर येतो. तिलाच घेतील.”

“घेतील कदाचित.”

“आणि आपण?”

ताईला राग आला होता. धाकटीचा, नवऱ्याचं म्हणणं बरोबर असण्याचा, आणि दुपारी आपल्याही तोंडून सहज निघालेल्या त्या ‘नाही गं’चा. आपणहून मागितलेलं वचन होतं, त्याच दिवशी सांगायचं म्हणून. दिवस अजून संपला नव्हता. पुन्हा फोन लावला असता तर पुन्हा तोच गोड आवाज, तेच एक दाबा, दोन दाबा. आणि असली गोष्ट थांबत थांबत सांगायची नसते.

तिनं दोरीवरचा अभ्रा काढला. शिवणीशी थोडा ओला होता. घडी करून पिशवीत ठेवला, चपला पायात सरकवल्या.

“कुठे निघालीस?” सासऱ्यांनी विचारलं.

या खेपेला ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, “येते हं, बाबा,” आणि दार ओढून घेतलं. धाकटीची पाळी संपायला अजून अवकाश होता. चालत गेलं तरी जिन्याखाली वेळेवर पोचता येणार होतं.